ताप गणपतीत, केस दिवाळीनंतर

विक्रोळीच्या एका ताईंनी जानेवारीच्या सुरुवातीला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा:

"वय ३४, फोर्टला बँकेत नोकरी. मुलगी सव्वा वर्षाची आहे, रात्री अजून अंगावर पिते. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात केस खूप गळले, मग थांबले. गणपतीत मला डेंग्यू झाला. दिवाळीनंतर पुन्हा गळायला लागलेत ते थांबतच नाहीत. बाथरूमची जाळी दर न्हाण्याला भरते. वेणीचं शेपूट झालंय, भांग रुंद दिसतो. बायोटिनच्या गोळ्या, कांद्याचं तेल, महागडा शाम्पू, सगळं करून झालं. पार्लरवाली पीआरपीचं पॅकेज घ्या म्हणते. सासूबाई म्हणतात, पाण्यामुळे होतंय. नवरा म्हणतो, केसच तर आहेत, येतील परत. माझ्या आईचा भांगही पन्नाशीनंतर विरळ झाला, माझं तेच होणार का? हल्ली लोकलमध्ये जागा मिळाली तरी मी बसत नाही. बसलं की उभ्या बायकांना वरून टाळू दिसते. मेमध्ये भावाचं लग्न आहे. तोवर काही होईल का?"

ताई, जागा मिळूनही बसत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला मात्र तुमच्या पत्रातलं तेच वाक्य सगळ्यात जास्त लागलं. विक्रोळी ते सीएसएमटी, सकाळची गर्दी, रात्री बाळासाठी तीनदा उठणं झालेलं, डेंग्यूतून नुकतंच सावरलेलं शरीर, आणि पाऊण तास उभं राहायचं, कारण कुणाला तरी वरून भांग दिसेल. दादरला त्वचारोगांचा दवाखाना चालवताना गेली २६ वर्षं मी अशी वाक्यं ऐकत आले आहे. हॉटेलात शिरल्यावर आधी छतावरचे दिवे कुठे आहेत ते बघून खुर्ची निवडणारी कुणी असते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये आरशाकडे पाठ करून उभी राहणारी कुणी. एक बाई सख्ख्या पुतणीच्या केळवणाला गेल्या नाहीत, कारण तिथे गजरा माळतील आणि गजरा अडकवायला केस उरले नव्हते.

आणि तरीही दवाखान्यात आल्यावर बहुतेकींचं पहिलं वाक्य एकच असतं: "तसं फार काही नाही, डॉक्टर." मग पर्समधून रुमालात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला पुंजका बाहेर येतो. कधी आठवड्याभराचा, कधी महिन्याभराचा. तो टेबलावर ठेवताना हात थरथरतो. मी तो पुंजका नीट बघते. तो बघितला जावा एवढ्यासाठीच तिने इतके दिवस सांभाळलेला असतो.

माझं म्हणणं आधीच सांगते. या लाजेने मनाला त्रास होतो तो होतोच, पण ती उशीरही करते. बाई वर्ष-दीड वर्ष तेलं बदलते, भांग फिरवते, केस घट्ट बांधून विरळ जागा झाकते, आणि मग डॉक्टरकडे येते. काही प्रकारांत हा उशीर चालून जातो. काही प्रकारांत त्या वर्षभरात गेलेले केस मी कुठल्याही औषधाने परत आणू शकत नाही. म्हणून केस गळण्याची कारणं आणि त्याचं दुःख असे दोन वेगळे कप्पे मला करता येत नाहीत.

आता तुमच्या केसांकडे येऊ. केस गळतात म्हणून कुणी आलं की डोकं तपासण्याआधी मी कॅलेंडर उघडते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि पुढचे तीनेक महिने तो नुसता जागेवर टेकून असतो. त्यानंतर तो गळतो आणि त्याच छिद्रातून नवा केस वर येतो. कुठल्याही क्षणी ८५ ते ९० टक्के केस वाढीत असतात, बाकीचे विश्रांतीत. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं हे निरोगी डोक्याचंच काम आहे. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या बाईला तीन दिवसांचे केस एकदम जाळीत दिसतात, आणि केस लांब असले की तोच पुंजका दुप्पट वाटतो. केस मोजत बसू नका, ही माझी पहिली विनंती.

शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे सणसणीत ताप, बाळंतपण, ऑपरेशन, घरातला मृत्यू, किंवा लग्नात बारीक दिसायचं म्हणून दोन महिने केलेली उपासमार, की वाढीतले खूपसे केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. ती विश्रांती तीन महिन्यांची. त्यामुळे धक्का बसतो तेव्हा एकही केस गळत नाही, गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, सगळे एकदम. याला आम्ही टेलोजेन इफ्लूव्हियम म्हणतो. मुंबईत हे वेळापत्रक मला पाठ झालंय. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडने फिजिशियनचे दवाखाने भरतात, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्याच बायका केस घेऊन माझ्याकडे येतात. तोवर ताप विसरलेला असतो. दोष जातो समोर दिसेल त्याला: नवा शाम्पू, बदललेलं तेल, बदललेलं घर. तुमच्या पत्रात मात्र गणपतीतला डेंग्यू आणि दिवाळीनंतरची गळती लागोपाठच्या ओळींत आहेत. तारखा इतक्या चोख जुळतात की निम्मं निदान तुम्हीच करून पाठवलंय.

बाळंतपणानंतरचं गळणं याच घराण्यातलं. गरोदरपणात हार्मोन्समुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ टिकतात, म्हणून तेव्हा वेणी जाड वाटते. बाळंत झाल्यावर ती पातळी उतरते आणि राहिलेले सगळे केस एकदम रजेवर जातात. बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं आज्या सांगतात ना? तीन-चार महिन्यांचा काळ त्यांनी बरोबर टिपला होता. बाळाच्या ओळखण्याशी मात्र त्याचा संबंध नाही. हे केस साधारण बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत भरून येतात. तुमचे भरत आले होते, तेवढ्यात डेंग्यू झाला. एकाच वर्षात दोन धक्के.

गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो, आणि केस "मुळासकट आला" म्हणून बायका घाबरतात. तो ठिपका म्हणजे विश्रांतीतल्या केसाचं खालचं टोक. मूळ टाळूतच शाबूत आहे. दिवसाउजेडी कपाळाच्या कडेला आणि भांगाजवळ बघा, दोन-तीन सेंटिमीटरचे उभे राहणारे बारीक केस दिसतात का? ते दिसायला लागले की नवी भरती सुरू झाली असं समजा. अशी गळती बहुधा सहा महिन्यांत आवरते. सहा महिने उलटूनही चालूच राहिली, तर धक्का संपलेला नाही, आत काहीतरी उरलंय, असा अर्थ होतो. तेवढी वाट न बघता तुम्ही आत्ताच तपासणी करावी असं मला वाटतं.

पहिला संशय लोहावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शंभरातल्या सत्तावन्न. लेडीज डब्यात तुमच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या बायका एकदा डोळ्यांसमोर आणा. पण रक्तक्षय ही शेवटची पायरी. त्याच्या आधी साठा रिकामा होतो. तुम्ही बँकेत आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातली रोकड, फेरिटिन म्हणजे खात्यातली शिल्लक. पाकिटात पैसे दिसतात म्हणून सगळं ठीक, असं रिपोर्ट सांगतो, आणि खातं मात्र तळाला गेलेलं असतं. हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि फेरिटिन एक आकडी, असे रिपोर्ट मी कितीतरी वेळा पाहते. पाळी, बाळंतपण, अंगावर पाजणं, मग डेंग्यू, तुमच्या खात्यातून सारखं काढणंच चालू आहे.

यात एक खाचखळगा आहे आणि तो बऱ्याचदा नजरेतून सुटतो. तापात किंवा अंगात दाह असताना फेरिटिन खोटं वाढतं, आणि डेंग्यूत तर ते प्रचंड वाढतं. तापानंतर लगेच केलेली तपासणी "साठा भरपूर" असं सांगून फसवते. आता चार महिने झालेत, तेव्हा आत्ता करायला हरकत नाही. सोबत सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या, म्हणजे आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळेल. फेरिटिन नेमकं किती असलं की केसांना पुरतं यावर आम्हा त्वचारोगतज्ज्ञांत एकमत नाही. मी चाळीसच्या पुढे न्यायचा प्रयत्न करते. केसांसाठी वाद असेल, पण पाळी चालू असलेल्या, बाळाला पाजणाऱ्या बाईच्या शरीरात लोह कमी असणं कुठल्याच हिशोबाने चांगलं नाही.

रिकामा साठा नुसत्या जेवणाने भरत नाही, गोळ्या लागतात, त्याही काही महिने. जेवण तो भरलेला ठेवतं. नाचणी, पालेभाज्या, उसळी, खजूर, लोखंडी कढई हे सगळं चांगलंच, त्यावर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. बाळंतिणीचे अळीवाचे लाडू फक्त बाळंतपणापुरते ठेवायचं कारण नाही. जेवणावर लगेच चहा घेतला की मात्र पोटात गेलेलं बरंचसं लोह वाया जातं. तासभर थांबा. आणि तुम्हाला एक थेट विचारते: सकाळी घरातून निघताना तुम्ही काय खाता? सकाळच्या गाड्या पकडणाऱ्या माझ्या बहुतेक रुग्णांचं उत्तर "चहा-बिस्किट" असतं. डबा नवऱ्याचा भरतात, मुलांचा भरतात, स्वतःच्या डब्यात उरलेली पोळी आणि सुकी भाजी. केस हा जवळजवळ सगळा प्रथिनांचाच बनलेला असतो. दोन अंडी, वाटीभर उसळ, घट्ट वरण, जे मासे खातात त्यांनी बोंबील-मांदेली, हे स्वतःच्या ताटात वाढून घेणं हा औषधोपचाराचाच भाग आहे. मी तो चिठ्ठीवर लिहून देते, कारण चिठ्ठीवर लिहिलेलं घरात ऐकलं जातं.

दुसरी तपासणी थायरॉइडची. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही बायकांची थायरॉइड ग्रंथी बिघडते, आधी जास्त काम करते, मग कमी, आणि थकवा, वजन, उदासी सगळं "बाळ लहान आहे ना" या खात्यावर जमा होतं. टीएसएच करा. पण त्याआधी निदान तीन दिवस बायोटिनच्या गोळ्या बंद ठेवा. बायोटिन जास्त असलं की थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच हा इशारा दिला होता. खरं तर त्या गोळ्या कायमच्या बंद केल्या तरी चालेल. जेवणखाण ठीक असलेल्या माणसात बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, आणि नसलेली कमतरता भरून केस वाढत नाहीत. थायरॉइडची गोळी सुरू झालीच, तर ती आणि लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा.

"केसांचे व्हिटॅमिन" म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांबद्दल आणखी एक सांगायला हवं. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झाले तर उलट केस गळतात. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांतून लोकांचे केस काही दिवसांत झडल्याच्या बातम्या आल्या होत्या, आठवतं? तिथल्या रुग्णांच्या तपासण्यांत सेलेनियमचं प्रमाण वाढलेलं आढळलं होतं. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेणाऱ्या बाईला हे कुणी सांगत नाही.

आता आईसारखं होणार का, हा प्रश्न. तुम्ही तो पत्राच्या मध्यावर घातलाय, पण रात्री झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. आईचं वर्णन स्त्रियांमधल्या आनुवंशिक विरळपणाशी जुळतं. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एरिख लुडविग यांनी १९७७ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आम्ही आजही वापरतो. यात पुरुषांसारखं कपाळ मागे जात नाही. पुढची रेषा राहते, भांग मधोमध रुंदावत जातो, आणि मुख्य म्हणजे केस गळण्यापेक्षा बारीक होत जातात. पूर्वी दोऱ्यासारखा जाड असलेला केस लव होतो. पुंजके फारसे दिसत नाहीत म्हणून कित्येकींच्या हे उशिरा लक्षात येतं. वारसा आई आणि वडील दोन्हीकडून येतो, पण आईला झालं म्हणजे मुलीला होणारच, असं नाही. मात्र कधी कधी तापानंतरची गळती हा आतला विरळपणा उघडा पाडते, म्हणून डोळ्यांनी बघून ठरवण्यापेक्षा डर्मोस्कोपने, म्हणजे टाळू मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, बघावं लागतं. त्यात शेजारशेजारच्या केसांची जाडी कमी-जास्त दिसली की मी सावध होते. शिवाय पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढून बघते. सहाहून जास्त हातात आले तर गळती जोरात चालू आहे. या दोन्हींना पाच मिनिटं लागतात आणि सुई टोचावी लागत नाही.

हा विरळपणा निघालाच, तर औषध आहे. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून तिचं डोक्याला लावायचं द्रावण निघालं, आणि १९९१ मध्ये अमेरिकेत २ टक्क्यांचं द्रावण स्त्रियांसाठी मंजूर झालं. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढते, आणि त्याला घाबरून बऱ्याच जणी नेमक्या तेव्हाच सोडून देतात. बंद केलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात, म्हणून ते सुरू करण्याआधी मी प्रत्येकीशी शांतपणे बोलते. तुम्ही बाळाला पाजताय, त्यामुळे तुमच्यासाठी आत्ता नाही. घरात नवऱ्याची बाटली असेल तर तिला हातही लावू नका. पुरुषांच्या कित्येक द्रावणांत फिनास्टेराइड हे हार्मोनवर काम करणारं औषधही मिसळलेलं असतं, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईने ते टाळायचं असतं. घरी मांजर असेल तर हे औषध तिच्या जिभेला लागू देऊ नका, मांजरांना ते विषारी आहे.

पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस, मानेवर काळपट मखमली डाग, असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. असतं तर पीसीओडीच्या, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाच्या, तपासण्या सांगितल्या असत्या.

पाण्याचं थोडक्यात. सासूबाईंचा संशय निराधार नाही, फक्त जागा चुकली आहे. मुंबईला महापालिका पुरवते ते तानसा, भातसा, वैतरणा अशा धरण-तलावांतलं पाणी, ते मऊ असतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर ते जड असू शकतं, त्याने केस राठ होतात, तुटतात. मुळापासून गळत नाहीत. पुंजक्यातले केस दोन्ही टोकांना तुटलेले आहेत की एका टोकाला पांढरा ठिपका आहे, हे बघितलं की भांडण मिटेल. तेलाचंही तसंच. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ मध्ये मुंबईतल्याच संशोधकांनी दाखवलं. केस मऊ राहतात, कमी तुटतात. नवा केस तेलाने उगवत नाही. सासूबाईंच्या हातून डोक्याला तेल लावून घ्या, त्यात दुसरंही सुख असतं. कोंडा असेल तर मात्र तेल थापून ठेवू नका. कांद्याने टाळू सोलवटून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचणं. आनुवंशिक विरळपणात काही जणींना त्याचा उपयोग होतो. तापानंतरच्या गळतीत बहुतेकींचे केस असेही परत येतात, मग श्रेय पॅकेजला जातं आणि पैसे तुमचे. शिवाय रक्त काढून सुया टोचण्याचं काम पार्लरमध्ये होता कामा नये, हे मी ठामपणे सांगते.

आता उशिराबद्दल. हे तुमच्यासाठी नसेलही, पण डब्यात तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणासाठी असेल. घट्ट अंबाडा हा ज्यांच्या नोकरीचा भाग आहे, अशा परिचारिका, पोलीस, विमानसेविका, किंवा लहानपणापासून नृत्य शिकणाऱ्या मुली, यांचे कपाळाच्या कडेचे केस ओढ बसून जातात. वेळेत सैल केले तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढले तर मुळं मरतात. चाई पडली, म्हणजे नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा, की लोक लसूण चोळतात. चाई हा शरीराची संरक्षणव्यवस्था केसाच्या मुळावर चालून जाण्याचा प्रकार आहे; लसणाने टाळू भाजते, इंजेक्शन आणि औषधांनी चट्टा बहुतेकदा भरतो. सर्वांत मोठी भीती व्रण पाडणाऱ्या प्रकारांची. पाळी गेल्यानंतरच्या वयात कपाळाची रेषा मागे सरकायला लागते, भुवया विरळ होतात, टाळूला आग किंवा खाज, जागा चकचकीत, छिद्रंच दिसेनाशी. सिडनीचे डॉक्टर स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये याचं पहिल्यांदा वर्णन केलं. यात गेलेला केस परत येत नाही, उरलेला वाचवता येतो. अशा एका बाईंनी दोन वर्षं रुंद पट्टा बांधून कपाळ झाकलं होतं. नवऱ्यालाही दाखवलं नव्हतं. त्यांनी पट्टा सोडला तेव्हा मी काही क्षण बोलू शकले नाही. खाज, आग, चकचकीतपणा, भुवया, यांतलं एकही लक्षण असेल तर आठवड्याच्या आत त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पैशांची अडचण असेल तर केईएम, नायर, सायन, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचाविभागाची ओपीडी असते.

ती बाई दोन वर्षं का लपवत राहिली, यावर मी खूप विचार केला आहे. आपल्याकडे बाईचं केस नसलेलं डोकं कधी साधं डोकं नव्हतं. विधवेचं केशवपन ही शिक्षा होती, आणि ती घरातल्यांसमोर, न्हाव्याच्या हातून दिली जायची. १८९० मध्ये याच मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र जमले आणि हे काम आम्ही करणार नाही असं ठरवलं. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. प्रथा गेली, पण विरळ डोक्याच्या बाईकडे बघताना नजर अजून क्षणभर अडखळते, आणि ती अडखळलेली नजर त्या बाईला बरोबर कळते. भांगात कुंकू भरायचं, सणाला गजरा माळायचा, मुलगी बघायला आले की "केस लांबसडक आहेत" म्हणायचं, इतकं सगळं आपण केसांवर टांगून ठेवलंय. मग ते गळाले तर बाईने मनाला लावून घेऊ नये, असं कसं म्हणता येईल?

म्हणून तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. "केसच तर आहेत" हे ते धीर द्यायलाच म्हणतात, याबद्दल मला शंका नाही. पण त्या वाक्यानंतर तुम्हाला पुढे बोलता येत नाही. त्याऐवजी त्यांनी एकदा दिवसाउजेडी तुमचा भांग बघावा, त्याचा फोटो काढून द्यावा आणि तपासणीला सोबत यावं. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो पुरे. रोज आरशात बघण्यापेक्षा तो खरं सांगतो.

आणि एक गोष्ट मी तुम्हाला विचारायलाच हवी. झोप बाळ झोपल्यावरही लागत नाही का? पूर्वी आवडायचं त्यात मन लागत नाही, उगाच रडू येतं, आपण आई म्हणूनही कमी पडतो असं वाटतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? बाळंतपणानंतरच्या वर्षात नैराश्य येतं, ते केसांच्या काळजीत लपून बसतं. केसांबद्दल बोलता येतं, त्याबद्दल बोलता येत नाही. तसं असेल तर मला किंवा तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं.

आता लग्न. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आज जे बारीक केस फुटतायत ते मेपर्यंत चार-पाच सेंटिमीटरचे होतील, म्हणजे वेणी पूर्वीसारखी जाड झालेली नसेल. तिला वर्ष-दीड वर्ष लागेल. पण मार्च-एप्रिलपर्यंत गळती बहुधा थांबलेली असेल आणि भांगाजवळ लव दिसू लागेल. तोवर केस खांद्यापर्यंत कापून घ्या, कमी लांबीचे केस दाट दिसतात आणि जाळीतला पुंजकाही लहान होतो. लग्नाच्या दिवशी भांग सरळ न पाडता थोडा नागमोडी पाडा, भांगात लावायची केसांच्या रंगाची पूड मिळते, ती निर्धोक आहे, रात्री धुऊन टाका. कुठलंही केराटिन-स्मूदनिंग त्याआधी करू नका. अंबाडा सैल घाला आणि गजरा आकड्यांनी केसांत न खोचता अंबाड्याभोवती नुसता गुंडाळा, पूर्ण मोगऱ्याचा, हलका. तेवढं वजन तुमचे केस पेलतील. रिपोर्ट आले की फोटोंसह या. आणि उद्या गाडीत जागा मिळाली तर बसा, तुमच्या अंगात अजून ताकद भरायची आहे.